टेस्ट ड्राइव्ह

रोजच्या वापराची, पण चालवायलाही मजा येईल अशी गाडी घ्यायची होती, म्हणून मी बाबांना शोरूममध्ये नेलं. त्यांनी आयुष्यभर घाटातून ट्रक चालवले. टेस्ट ड्राइव्हला त्यांनी तिथली एक छोटी गिअरची गाडी टेकडीच्या वळणावर इतकी अलगद घातली, की मी हसायलाच लागले.

"हाताला गोड आहे गं," ते म्हणाले. कितीतरी दिवसांनी ते असे खुलले होते.

परत आल्यावर विक्रेता माझ्याकडे वळला. "मॅडम, काकांचं आता वय झालं. त्यांना कशाला चालवायला देता? तुमच्यासाठी ही ऑटोमॅटिक बघा."

बाबा शेजारीच उभे होते. त्या साखरेत घोळलेल्या आवाजाची मला शिसारी आली. समोर उभ्या माणसाला हसत हसत मोडीत काढायचं! पण त्याहून जास्त किळस मला माझी आली, कारण मी मान डोलावली होती. सोयीचं नाव घेतलं की आपण काय काय चालवून घेतो!

ऑटोमॅटिकचं मागचं दार उघडून बाबा आपणहून आत बसले.

"मागे पायांना जागा पुरते का, ते बघतो," ते म्हणाले.