कंपनीची एकही वायर न कापता

गाडीत वूफर बसवायच्या धंद्यात किस्से शोधायला जावं लागत नाही. गिऱ्हाईक डिकी उघडतं आणि किस्सा आपोआप बाहेर पडतो. वसईत माणिकपूरच्या बाजूला आमचा गाळा होता, तेव्हा हे सगळं वहीत लिहून ठेवावं असं फार वाटायचं. ठेवलं नाही. पण विसरलोही नाही, कारण त्यातल्या एकदोन गोष्टींचा राग अजून उतरलेला नाही!

गाळा माझा, हात पास्कोलकाकांचे. काका वसईतल्याच होळी गावचे, घरची केळीची वाडी. आयुष्यभर टेम्पोंमध्ये टेप बसवले. पुढे नव्या गाड्या कंपनीचाच स्टिरिओ घेऊन यायला लागल्या, तेव्हा त्याच स्टिरिओला मागे ॲम्प आणि वूफर जोडून द्यायला लागले. त्यांचा नियम एकच होता, कंपनीची वायर कापायची नाही. बाकीचे मिस्त्री पक्कड मारून वायर सोलायचे, टेप गुंडाळायचे, झालं काम. काका भंगारातून सॉकेटं आणून घरी जोड तयार करायचे आणि कंपनीच्या दोन सॉकेटांच्या मधे आपला जोड बसवायचे. काढला की गाडी पुन्हा जशीच्या तशी.

* * *

एक बँकेतले साहेब नवीकोरी गाडी घेऊन आले. बोनेटवरचं हळदकुंकूसुद्धा पुसलेलं नव्हतं. बॅटरीपासून डिकीपर्यंत वायर न्यावी लागते म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे पत्र्याला भोक पाडणार?"

मी नाही म्हणालो. कंपनीनेच आतल्या पत्र्यात रबरी बूच लावलेलं असतं, त्यातूनच आमची वायर जाते. पटलं नाही त्यांना. समोरच्या चहावाल्याकडे जाऊन गाडीकडे पाठ करून बसले. तीन तासांत चार चहा झाले.

काम झाल्यावर आले, खाली वाकून टॉर्च मारून भोक शोधलं. सापडलं नाही. गालिचा उचलून वायर शोधली. तीही दिसली नाही. मग जरा संशयानेच काकांना विचारलं, "काम केलंत ना नक्की?"

काकांनी फक्त व्हॉल्यूम वाढवला. साहेब तिथेच खाली बसले.

* * *

दुसरा किस्सा अर्नाळ्याचा. तिथल्या एका पोराने गाडीला वूफरची मोठी पेटी बसवून घेतली. पेटीला हवा जायला वाटीएवढं गोल भोक असतं, त्यातूनच तो घुमणारा आवाज येतो. महिन्याभराने पोरगा तक्रार घेऊन आला. वूफर बसला म्हणे, दम राहिला नाही. सोबत त्याची आई होती, ती गाडीतून उतरलीच नाही.

काकांनी ॲम्प तपासला, जोड तपासले, सगळं ठीक. मग भोकाला नाक लावलं आणि हात आत घातला. आतून सुके बोंबील निघाले! दोनअडीच किलो, प्लॅस्टिकच्या पिशव्यांत नीट गाठी मारून.

पोरगा आईकडे बघायला लागला. आई गाडीतूनच म्हणाली, "एवरी मोठी पेटी, आत सगली रिकामी. डिकीत जागा ठेवलीस का माला? मंग बोंबील ठेवू कुठं, पान्यात?"

बोंबील तिने मोजून परत घेतले.

* * *

मग ते पत्र आलं. हायवेवरच्या शोरूमने आपल्या सगळ्या गिऱ्हाइकांना धाडलं होतं. बाहेरचं काम आढळल्यास वॉरंटी रद्द. खाली सर्व्हिस ॲडव्हायझर सावंत यांची सही.

बाहेरचं काम! मी कोकणातून येऊन इथे फ्लॅट घेतलेला, मला बाहेरचा म्हणा, चालेल. पण ज्याच्या आजोबांची विहीर वसईत, ज्याने सबंध तालुक्याचे टेम्पो गाते केले, तो बाहेरचा? आणि परवा काच लावून उभी राहिलेली शोरूम आतली?

गिऱ्हाईक घाबरलं. मग मी शक्कल काढली. सर्व्हिसिंगच्या आदल्या दिवशी आमच्याकडे या, तासाभरात सगळं उतरवून ठेवतो, परवा पुन्हा चढवतो. गाळ्यात फळ्या ठोकल्या आणि माहेरवाशिणींसारख्या पेट्या येऊन राहायला लागल्या. चांदीप गावचे एक शेतकरी तर पेटी आमच्याकडे ठेवून रिकाम्या डिकीतून भेंडीच्या गोण्या बाजारात नेऊन आले आणि वर म्हणाले, सर्व्हिसिंग दर आठवड्याला असायला हवं होतं.

एकदा पेट्यांची अदलाबदल झाली. एका रिटायर्ड मास्तरांच्या छोट्या पेटीऐवजी कॉलेजातल्या एका पोराची अवाढव्य पेटी त्यांच्या गाडीत गेली. पोरगा दुसऱ्याच दिवशी बोंबलत आला. मास्तर पंधरा दिवस फिरकले नाहीत. मीच शेवटी घरी गेलो, तर डोळे मिटून गाडीत भजन ऐकत बसलेले. म्हणाले, "इतकी वर्षं भजन ऐकतोय, पखवाज आज कळला." पेटी काही त्यांनी परत दिली नाही. पोरासाठी दुसरी बनवावी लागली.

* * *

आता रागाचा किस्सा. आमचे एक डॉक्टर वूफर न उतरवताच गाडी शोरूमला घेऊन गेले. पुढच्या दाराची काच वर जात नव्हती, एवढंच दुखणं. सावंतांनी डिकी उघडली, पेटी पाहिली आणि जॉब कार्डवर लिहिलं, 'बाहेरचं काम आढळलं. जबाबदारी आमची नाही.' डॉक्टरांनी तिथूनच मला फोन करून झाडलं.

काकांनी हत्यारांची पिशवी घेतली आणि माझ्या स्कूटरवर मागे बसले. शोरूममध्ये दहाबारा माणसं सोफ्यावर बसलेली. काकांनी सगळ्यांसमोर गाडीतला आमचा पसारा उतरवला, जोड काढले, सॉकेटं पूर्ववत लावली आणि सावंतांना म्हणाले, "कापलेली एक वायर दाखव. आजपासून धंदा बंद."

सावंत आणि दोन इंजिनियर तासभर शोधत होते. कापलेली एकही वायर सापडली नाही. दारात एक स्विच खराब निघाला, तो त्यांनी बदलून दिला. पण जॉब कार्डवरचं वाक्य काही खोडलं नाही. सावंत म्हणाले, लिहिलं ते लिहिलं.

त्यानंतर काका दोन दिवस कामावर आले नाहीत. मला खरंच भीती वाटली, की गेला आपला माणूस. तिसऱ्या दिवशी आले आणि फळ्यांवरच्या सगळ्या पेट्या खाली उतरवल्या.

"आजपासून कोणाचं काय उतरवायचं नाय," म्हणाले. "आपण चोरी केलीय काय?"

मी म्हटलं, गिऱ्हाईक जाईल. ते म्हणाले, जाऊ दे. मग प्रत्येक डिकीत ॲम्पशेजारी आपल्या हाताने लिहिलेली चिठ्ठी चिकटवायला लागले. 'हे काम पास्कोलने केलं. कंपनीची एकही वायर कापलेली नाही. शंका असेल त्याने मला बोलवावं.' गिऱ्हाईक गेलं, निम्मं तरी गेलं. सहा महिने आम्ही माश्या मारल्या. पण चिठ्ठी थांबली नाही. मीही काकांना थांबवलं नाही, आणि त्याचा मला आजही अभिमान आहे.

* * *

शेवटचा किस्सा त्यानंतरच्या पावसाळ्यातला. शोरूमने आता स्वतःच वूफर विकायला सुरुवात केली होती. एका रविवारी दुपारी गाळ्यासमोर एक गाडी थांबली आणि सावंत उतरले. गाडी त्यांची स्वतःची. वूफर शोरूममध्येच बसवलेला, स्टिरिओ चार दिवस मुका, डॅशबोर्डमधून जळका वास.

काकांनी स्टिरिओ बाहेर ओढला. मागे सात वायरी कापलेल्या, वर टेप गुंडाळलेली. काकांनी त्या एक एक करून सावंतांना दाखवल्या. मग चार तास बसून सातही वायरी सोल्डर केल्या, वर रबरी नळ्या चढवल्या, आपला जोड बसवला. स्टिरिओ गायला लागला.

सावंत डिकीपाशी घुटमळत राहिले. शेवटी म्हणाले, "काका, ती चिठ्ठी नाही लावणार?"

"ती कशी लावू? खोटी होईल. हिच्या वायरी कापल्यात."

काकांनी मग कोरा कागद घेतला, सावकाश दोन ओळी लिहिल्या आणि ॲम्पशेजारी चिकटवल्या. 'बाहेरचं काम आढळलं. जबाबदारी आमची नाही.'

सावंतांनी वाकून वाचलं. "हे तर माझं वाक्य."

"हो," काका म्हणाले. "अक्षर तेवढं माझं."

सावंतांनी हात पुढे करून कागदाचा सुटलेला कोपरा अंगठ्याने दाबून बसवला आणि डिकी लावली.