यशोधराबाईंच्या शाळेतला हिवाळा

पडदा वर जाण्याआधी विंगेत उभ्या असलेल्या नटाला बाहेर किती माणसं बसली आहेत ते न बघताच कळतं. खोकण्यावरून, कुजबुजीवरून. यशोधराबाई फडणिसांना शाळेचं तसं कळायचं. इंदूरच्या छत्रीबागेतल्या सरकारी मराठी शाळेच्या त्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका. प्रार्थना सुरू झाली की आपल्या खोलीतूनच आवाजाची जाडी जोखायच्या. आणि दर वर्षी दिवाळी झाली की तो आवाज पातळ व्हायचा.

कारण रोगराई नव्हे, दुष्काळ नव्हे. कारण सरकार. होळकरांचं राज्य विलीन होऊन मध्य भारत हे नवं राज्य झालं आणि राजधानीवरून इंदूर-ग्वाल्हेरचा असा रुसवा-फुगवा झाला की शेवटी वाटणीच करावी लागली. उन्हाळा-पावसाळा इंदूर, हिवाळा ग्वाल्हेर. दोन बायकांच्या दादल्यासारखं. थंडी पडली की फायली पेट्यांत, पेट्या लॉरीत, आणि पेट्यांमागे कारकून. छत्रीबागेतली निम्मी मराठी घरं कारकुनांची. बापामागे आई निघायची, आईमागे पोरं.

बाईंच्या शाळेचा निकाल असा लागायचा की साऱ्या इंदुरानं तोंडात बोट घालावं. पण तपासणी यायची नेमकी जानेवारीत, वर्ग ओस पडलेले असताना. त्यातून ज्या पोरांचे बाप इथेच राहिले होते, तेही आताशा पोरांना हिंदी शाळेत घालू लागले होते. पुढची नोकरी हिंदीतच असणार, हे कुणी सांगायला नको होतं. त्या वर्षी खात्याचा हुकूम आला: पट ठरल्या आकड्याच्या खाली गेला तर शाळा शेजारच्या हिंदी शाळेत विलीन होईल.

बाईंना नवरा नव्हता, मूल नव्हतं. शाळा होती. त्यांनी पदर खोचला आणि फराळाच्या निमित्तानं घरोघर निघाल्या. मागणं एकच: तुम्ही जा ग्वाल्हेरला, मुलं इथं ठेवा. नातेवाइकांकडे, शेजाऱ्यांकडे, नाहीतर माझ्याकडे.

शंकरराव सचिवालयात कारकून. त्यांची कमल चौथीत पहिली. त्यांच्या घरात बांधाबांध चालली होती.

"बाई, तुमचं सगळं खरं," शंकरराव सुतळीला गाठ मारत म्हणाले, "पण सरकारनं आमचे पिंजऱ्यातले पोपट केलेत. जिकडे पिंजरा तिकडे आम्ही."

"मग पोपट जाऊ देत. मैना ठेवा की इथं."

शंकरराव हसले. त्यांची बायको इंदुमती हसली नाही. "तिला झोपताना माझा पदर हातात लागतो हो, बाई."

"माझा पदर काय आखूड आहे?"

ज्या बाईंनी इंदुमतीच्या धाकट्या दिराला शिकवलं, ज्यांच्या शब्दावर अख्खी आळी चालते, त्यांना नाही कसं म्हणायचं? कमल राहिली. तिचं बघून आणखी चार-सहा घरांनी पोरं मागं ठेवली. शिपाई संताजी खूश. इंदुरी थाटात 'भैया'चं 'भिया' करत म्हणाला, "बाई, कमाल केली! ते हिंदी शाळेवाले भिया लोक आत्ता बघतच राहणार."

कमल बाईंच्या दोन खोल्यांत राहू लागली. अशी गुणी पोर की बघत राहावं. सांगितलं की जेवायची, सांगितलं की झोपायची. रडणं नाही, हट्ट नाही. शेजारणी म्हणायच्या, "बाई, मूल असावं तर असं." बाईंची छाती फुगायची. उभा जन्म मुलांत घालवलेली ही बाई, पण वर्गातलं मूल आणि घरातलं मूल यांतला फरक तिला शिकायला मिळालाच नव्हता. वर्गात गप्प बसणारं मूल शहाणं असतं. त्याच मापानं त्यांनी कमलला मोजलं.

जानेवारीत इन्स्पेक्टरसाहेब आले. उंच, काळा कोट, भला माणूस. गणितं घातली, कविता म्हणवून घेतल्या. कमलनं सगळ्याची उत्तरं खणखणीत दिली, हिंदीतसुद्धा. साहेबांनी पट पाहिला आणि मान डोलावली. "बाईजी, परीक्षेपर्यंत एवढी मुलं राहिली, तर तुमच्या शाळेला कोणी हात लावणार नाही. मी स्वतः लिहीन." मग कमलच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बोलो बेटी, क्या इनाम चाहिए?"

कमलनं आधी बाईंकडे बघून घेतलं. मग हळूच म्हणाली, "साहब, आप ग्वालियर वापस जाओगे न? मुझे मोटर में ले चलो. मैं ज़्यादा जगह नहीं लूँगी."

वर्गात कुणी हसलं नाही. मागच्या बाकावरचा, चुलत्याकडे ठेवलेला बाळकृष्ण तेवढा हुंदका देऊन रडू लागला. साहेबांनी चष्मा काढून पुसला. "बाईजी," ते खालच्या आवाजात म्हणाले, "मी फक्त बाकावरची मुलं मोजतो. घरचं तुम्ही बघा."

आता खरं तर बाईंनी गप्प बसायचं होतं. परीक्षा होळीनंतर लगेच होती. तेवढे दिवस तोंडावर बोट ठेवलं की शाळा वाचत होती, आणि कमल काही पळून जाणारी नव्हती. पण बाईंनी कमलची ट्रंक बांधायला काढली. संताजीनं हात जोडले. "बाई, होळीपर्यंत! पोरगी खाते-पिते आहे. अब क्या बताऊँ, शाळा गेली तर मला कुठं फेकतील कोण जाणे."

"तुला कुठंही ठेवतील रे, संताजी," बाई म्हणाल्या. "तुला राग काढायला निदान शिव्या येतात. तिला त्याही येत नाहीत."

रविवारी त्या कमलला घेऊन आग्रा रोडच्या मोटारीत बसल्या. देवास, शाजापूर मागं पडलं तशी पोर बोलू लागली. गुन्यापासून पुढं तिचं तोंड मिटेना. बाईंनी आपल्या घरात तिचा इतका आवाज कधी ऐकला नव्हता. ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या एका चाळीत इंदुमतीनं दार उघडलं, पोरीकडे पाहिलं आणि म्हणाली, "किती वाळली हो ही, बाई!" बाईंनी मान खाली घातली. चहा घेतला नाही.

बातमी लपते थोडीच? पंधरवड्यात बाकीच्यांनीही आपापली मुलं बोलावून घेतली. परीक्षेला जी बसली ती सगळी पास झाली. निकाल पुन्हा शंभर टक्के. आकडा मात्र भरला नाही. इन्स्पेक्टरसाहेबांनी चांगलं लिहिलं, पण चांगल्या शब्दांनी बाक भरत नाहीत. हुकूम आला.

उन्हाळ्याआधी सरकार इंदूरला परतलं, कारकून परतले. जुलैत शाळा उघडायच्या दिवशी सकाळी लहान मुलं सवयीनं जुन्याच दारात येऊन उभी राहिली. दाराला कुलूप होतं. पाटी कुणीतरी आधीच उतरवून नेली होती. बाई पायरीवर थांबल्या होत्या. बदलीच्या हुकमाप्रमाणे त्यांना पलीकडच्या हिंदी शाळेत दुसरीचा वर्ग मिळाला होता. मोठ्या बाईंचं पद गेलं होतं. त्यांनी सगळ्यांत धाकट्या दोघांचे हात धरले आणि रस्ता ओलांडला.

हिंदी शाळेच्या फाटकाशी येऊन त्यातली एक चिमुरडी अडून बसली. "बाई, मला तिथं कुणी ओळखत नाही."

"मलाही नाही," बाई म्हणाल्या. "चल, माझ्याशेजारी बस."