आधी गळा, मग बोट

कानसेनांच्या दुकानात एकच नियम होता: आधी गळा, मग बोट. पेटीचा पंचम लावायचा असेल तर खालचा सा दाबून धरायचा, पंचम स्वतः गाऊन दाखवायचा आणि मगच त्याच्या पट्टीला हात लावायचा. "आधी पट्टी दाबलीस तर कान मेंढरासारखा तिच्यामागे जातो," ते सुनेला सांगत. कानसेन हे नाव लोकांनी ठेवलं थट्टेने. पण चाळीस वर्षं पेट्या दुरुस्त करून त्यांनी ते खरं करून दाखवलं होतं.

लग्न होऊन आली तेव्हा सुनेला गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. नवरा ट्रक घेऊन आठवडा आठवडा बाहेर, म्हणून ती दुकानात बसू लागली. पहिलं अख्खं वर्ष नुसता सा आणि पंचम. चुकली तर कानसेन रागवत नसत, फक्त म्हणत, "पुन्हा." त्या एका शब्दाने तिला कितीदा रडवलं होतं. मग एके दिवशी, रोजच्या जिन्यावर न बघता पाय पडावा तसा तिचा गळा ‘सा’वरून थेट पंचमावर गेला. कानसेनांनी मान हलवली आणि चहा मागवला. त्यांच्या हिशेबी हे फार मोठं कौतुक होतं.

सहाव्या वर्षी त्यांना मोठा ताप आला. महिन्याभराने दुकानात परतले, सुरांच्या पात्या घासायची कानस हातात घेतली आणि सून पंचम गायली तर म्हणाले, "चढलाय."

ती थोडी उतरली.

"अजून."

ती अजून उतरली, तेव्हा त्यांची मान हलली. घासात खडा यावा तसा तो सूर तिला लागला. पण ज्यांनी कान दिला त्यांच्याच कानावर शंका घ्यायची कशी? आपलंच काहीतरी बिघडलंय असं धरून ती भांडी घासताना, कपडे वाळत घालताना उतरलेला पंचम घोटत राहिली. त्याच पंचमावर त्या दोघांनी मिळून शाळेची पेटी लावून दिली.

पंधरा दिवसांत शाळेतल्या गाण्याच्या बाई पेटी घेऊन परत आल्या. "मुलं हिच्याबरोबर गायला लागली की एकाच जागी घसरतात. पूर्वी असं होत नव्हतं."

"पोरांचे कान कच्चे," कानसेन म्हणाले. बाई पेटी ठेवून गेल्या.

सगळे कच्चे कान एकाच जागी कसे घसरतील? म्हणजे बिघाड आपल्यात नव्हता, सुनेच्या लक्षात आलं. सांगावं तर या माणसाकडे कानाशिवाय होतं काय? न सांगावं तर इथून बाहेर पडणारी प्रत्येक पेटी खोटी. दुपारभर ती नुसतीच फडक्याने पट्ट्या पुसत बसली. शेवटी म्हणाली, "बाबा, जरा हात द्या."

तिने त्यांचा तळहात शाळेच्या पेटीच्या लाकडावर ठेवला आणि सा व पंचम एकदम दाबले. सूर जुळत नव्हते, म्हणून लाकूड हलकेच थरथरत राहिलं. मग झाकण काढून, सूर वर चढावा म्हणून तिने पंचमाच्या पितळी पातीच्या टोकावर कानस दोनदा फिरवली आणि पुन्हा दोन्ही पट्ट्या दाबल्या. थरथर थांबली होती.

कानसेनांनी हात उचलला नाही. विचारलं, "कधीपासून कळत होतं तुला?"

"तुमचा ताप उतरल्यापासून."

"आणि तरी मी सांगेन तसं गात राहिलीस?"

"हो."

"मग माझ्यापेक्षा तुझी चूक मोठी. माझा कान आजारी होता. म्हण."

तिने भाता चालवला, सा धरला आणि तापाआधी गायची तसा पंचम गायला. त्यांना तो अजूनही चढलेलाच ऐकू येत होता. कपाळावरच्या आठीवरून तिला ते दिसलं. हात मात्र लाकडावरच होता.

"बरोबर आहे," ते म्हणाले आणि कानस तिच्या बाजूला सरकवली.