बैलाला दिलेली बाग

आजी गेल्याचा निरोप मला अकोल्याच्या कापूसबाजारात मिळाला. बार्शीटाकळीकडून आलेला आमच्या गावचा गाडीवाला बैल सोडता सोडता म्हणाला, "बुढी माय गेली तुमची. परवा. तुमाले कळलं नसंन." मी वर्तमानपत्रासाठी भाव टिपत होतो. ते आदल्या आठवड्यापेक्षा खालीच होते. हातातले काम संपवून निघालो. पोहोचलो तेव्हा सगळे आटोपले होते. त्याला आता काही आठवडे झाले. सत्तरी ओलांडलेली शेतकऱ्याघरची बाई तापाने जाते, यात छापण्यासारखे काही नाही. तिचा एक उन्हाळ्याचा दिवस मात्र लिहून ठेवावासा वाटतो.

वैशाख होता. अमेरिकेतल्या लढाईमुळे तिकडचा कापूस अडला होता आणि आमच्या कापसाला कोणी कधी ऐकला नव्हता असा भाव आला होता. वऱ्हाडात ज्याच्याकडे वावर होते त्याने ते सगळे कापसाखाली घातले. माझे धाकटे काका, म्हादूकाका, त्यांनीही ज्वारीची एक ओळ ठेवली नाही. ज्वारी विकत आणता येईल असा हिशेब होता, आणि ती महाग का होईना, आणता आली. पण ज्वारी गेली म्हणजे तिचा कडबाही गेला, आणि कडबा विकत घ्यायचा तर तो आधी कोणाकडे तरी असावा लागतो, हे कोणाच्या ध्यानात आले नाही. सगळ्या गावाने एकच चूक केली होती. आमच्या बैलांच्या शिंगांवर त्या वर्षी चांदीच्या शेंब्या होत्या आणि गोठ्यामागची कडब्याची गंजी संपली होती.

घराच्या मागे, विहिरीला लागून, आजीची बाग होती. बाभळीच्या काट्यांचे कुंपण, आत गवार, चवळी, वांगी, मिरची, काकडी, दोडक्याचा मांडव. भर उन्हाळ्यात गावात हिरवे म्हणावे असे तेवढेच. मी अमरावतीहून सुटीला आलो होतो, दर्यापूरची आत्या मुलांना घेऊन माहेरी आली होती. सकाळी उठलो तेव्हा आजी वाफ्यांना पाणी देत होती. मांजर तिच्यामागून कोरड्या वरंब्यावरून चालत होते, आणि काट्याच्या बाहेर गुलब्या उभा होता. गुलब्या म्हणजे म्हातारा बैल. त्याची आई तो वासरू असताना मेली, तेव्हा आजीने त्याला बोटाने दूध चाटवून वाढवले होते. नांगराला तो आता चालत नव्हता. मुलांना काकड्या मिळाल्या, देठ गुलब्याला मिळाले. दुपारी सगळे निंबाखाली बसले. आत्या मुलीची वेणी घालत होती, आजी गवार मोडत होती, कुत्रे तिच्या पायावर झोपले होते. तेवढ्यात काका आले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "माय, उद्या गुलब्याले बाजारात नेतो."

म्हातारा बैल बाजारात कोण घेतो आणि कशाला, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होते. आजीने गवार मोडणे थांबवले नाही.

"काहून?"

"कडबा नाई. कामाच्या जोडीले पुरंना, त याले काय घालू? पैसा घेऊन फिरून राहिलो चार गावं. कोणाच्या घरी पेंडी नाई."

"मंग चांदी खाऊ घाल ना भाऊ त्याले," आत्या म्हणाली. "शिंगावर मोप आहे."

"तू चूप राह्य. दोन दिसाची पाहुणी अन् बोलते पाय."

"पाहुणी आहो म्हणून त बोलून राहिली. घरचे सारे घाबरतेत तुले."

काका हसले नाहीत. ते वाईट माणूस नव्हते. जोडी मेली असती तर पेरणीच झाली नसती. आजीने मोडलेली गवार सुनेच्या सुपात ओतली, उठली आणि बागेकडे गेली. आम्हाला वाटले, रडायला गेली असेल… तिने कुंपणाचे काटे काठीने ओढून बाजूला केले. गुलब्या आत यायला तयार नव्हता. जन्मभर त्याला तिथून हाकलले होते. तिने त्याला शिंगाला धरून आत घेतले. "खाय बापा," म्हणाली. मग जोडी आणि बकरीही सोडायला सांगितली.

चवळी आधी गेली, मग गवार. दोडक्याचा मांडव एकीकडे कलंडला. काकू धावत आल्या. "माय, उद्या भाजी कायची करू?"

"चटणी कर."

"मिरच्या बी बकरी खाऊन राहिली!"

"मंग नुसती भाकर खा." आजी विहिरीच्या काठावर बसली होती. तिच्या आवाजात राग नव्हता. ती थकलेली दिसत होती, एवढेच.

बागेवर जनावरांचा आठवडा निघाला. तोवर काकांनी मेळघाटाकडून वाळल्या गवताच्या दोन गाड्या आणल्या. गुलब्या बाजारात गेला नाही. पुढच्या थंडीत गोठ्यात मेला. त्या वर्षीच्या मृगातच काकांनी त्या रिकाम्या जागेतही सरकी टोबून कापूस लावला. वर्षानुवर्षांचे खत खाल्लेली जमीन, तिथली कापसाची पऱ्हाटी साऱ्या वावरात उजवी आली. आजी तिथे वेचायला गेली नाही. पुन्हा बाग का लावत नाही, असे मी एकदा विचारले, तर म्हणाली, "वाकवत नाई आता." लढाई संपली, भाव कोसळले, काका परत ज्वारी पेरू लागले. बाग मात्र झाली नाही.

या खेपेला सुतक फिटेपर्यंत मी तिथे होतो. पऱ्हाट्या उपटून झाल्या होत्या, विहिरीजवळ, बाग होती तिथे, काहीही नव्हते. काकू रोज भांडी धुतलेले पाणी घेऊन अंगण ओलांडून तिकडे जात. काकाही जेवून उठले की तांब्या घेऊन हात धुवायला तिथेच. तिथे काही लावले आहे का, असे मी विचारले. "काई नाई," काका म्हणाले. तांब्या खाली ठेवत म्हणाले, "माय दुसरीकडं टाकू देत नोयती पाणी. आता पाय तिकडंच जातेत."

विहिरीपासून नाल्यापर्यंतची काळी जमीन हात जाईल एवढी भेगाळली होती. तेवढ्या तुकड्याला भेग नव्हती.