ज्या भागात काहीच घडलं नाही

भुवनेश्वरीबाई एकविसाव्या वर्षी तंजावूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागल्या. कानांवर हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड आणि हातात वायरी. पापनाशमचा भातगिरणीवाला फोन उचलताना आधी खाकरायचा, ओरत्तनाडूच्या कचेरीतला एक साहेब नाव न सांगताच थेट नंबर मागायचा. बाई तीनशे-चारशे माणसं नुसत्या आवाजावरून ओळखत. ट्रंक कॉल संपले, बोर्ड गेला, त्यांची बदली तक्रार खिडकीवर झाली, तरी खात्यात त्यांच्या कानांचं नाव होतं. "भुवनेश्वरीला विचारा, कोण बोलत होतं ते ती सांगेल," असं साहेबलोकसुद्धा म्हणत.

निवृत्तीनंतर ते कान हळूहळू गेले. आधी स्वयंपाकघरातली कुकरची शिट्टी गेली, मग दाराची बेल, मग सुनेचा बारीक आवाज. बाईंनी हे कोणाला सांगितलं नाही. ज्या कानांवर आयुष्यभर पोट भरलं, ते निकामी झाले हे तोंडानं म्हणायची त्यांना लाज वाटे. त्याऐवजी त्यांनी युक्त्या केल्या. समोरच्याच्या ओठांकडे बघायचं. प्रश्न कळला नाही तर "बघू या" म्हणायचं. आणि चार माणसांत बसल्यावर नवऱ्याच्या खांद्यांवर डोळा ठेवायचा; अनिरुद्धरावांचे खांदे हलले की आपणही हसायचं.

रविवारी संध्याकाळी सातला टीव्हीवर एक खुनाची मालिका लागे. तमिळ मालिका, पण पिढ्यान्पिढ्या तंजावूरचीच झालेली ही घरातली मराठी माणसं ती वाट बघून बघत. अनिरुद्धराव, मुलगा मुरलीकृष्ण, सून गायत्री आणि खालच्या मजल्यावरून येऊन बसणाऱ्या शेजारीण राजममामी. गोष्ट एका भातगिरणीच्या मालकाच्या खुनाची होती. संशय तिघांवर: मालकाची बायको, धाकटा भाऊ आणि गाडीचा ड्रायव्हर. पहिले सहा भाग आरडाओरडा, पाठलाग आणि भराभर बोलणं यांत गेले. बाई सहाही भाग बसून होत्या. त्यांना मेलेला माणूस कोण एवढंच कळलं होतं.

सातवा भाग वेगळा निघाला. इन्स्पेक्टर मालकाच्या घरी येतो, ओसरीवर बसतो, कापी म्हणजे कॉफी पितो. बायको तांदूळ निवडते. धाकटा भाऊ खांबाला टेकून उभा. कोणी बोलत नाही. पंखा फिरतो. इन्स्पेक्टर मागच्या खोलीकडे बोट करून एक प्रश्न विचारतो, भाऊ नुसती नाही अशी मान हलवतो, इन्स्पेक्टर पुन्हा डबऱ्यातली, पसरट वाटीतली, कापी पेल्यात वरखाली ओततो. वीज जाते, वीज येते. अर्धा तास गेला तरी तो ओसरीवरून उठला नव्हता.

"हा भाग आहे की दवाखान्यातली रांग?" मुरली म्हणाला आणि त्यानं मोबाईल काढला.

राजममामींनी दोनदा जांभई दिली. अनिरुद्धराव खुर्चीत पेंगायला लागले. भाग संपला तेव्हा मुरली मोबाईलवरच्या लोकांच्या प्रतिक्रिया मोठ्यानं वाचत होता. "एक जण लिहितो, मी बसनं कुंभकोणमला जाऊन आलो, इन्स्पेक्टरची कापी अजून संपली नव्हती. आणि ही बाई म्हणते, तिच्या घरी तांदूळ निवडून झाले, शिजले, जेवणं झाली, मालिकेतले अजून ताटातच."

सगळे हसले. अनिरुद्धराव जागे झाले आणि तेही हसले.

भुवनेश्वरीबाई हसल्या नाहीत. त्या अजून पडद्याकडे बघत होत्या, तिथं साबणाची जाहिरात चालू होती. "आज मज सगळं कळलं," त्या म्हणाल्या.

"काय कळलं, आई?" गायत्रीनं विचारलं.

बाईंनी तिच्या ओठांकडे बघून प्रश्न ओळखला. "त्या भावानं खून केला. वीज गेली तेव्हा सगळे चाचपडत होते. तो न बघता मागच्या खोलीच्या दाराशी गेला आणि कडी काढली. कडी एवढी उंच, कोपऱ्यात. आणि इन्स्पेक्टरला तो मान हलवून काय सांगत होता? त्या खोलीत मी कधी गेलोच नाही म्हणून. त्याच्या हाताला कडी ठाऊक होती की!"

मुरलीनं मोबाईल खाली ठेवला. त्यानं रिमोटनं मालिका मागं नेऊन तो प्रसंग पुन्हा लावला. खरंच, अंधुक उजेडात भावाचा हात सरळ कडीवर गेला होता. खोलीतल्या चारही जणांच्या नजरेतून तो निसटला होता.

"अय्यो, भुवना!" राजममामी म्हणाल्या. "सहा भाग तुम्ही एक शब्द बोलला नाहीत."

"सहा भाग मज ऐकूच आले नाहीत," बाई बोलून गेल्या.

बोलल्यावर त्यांना कळलं आपण काय बोललो. खोली गप्प झाली. ती शांतता बाईंना दिसली. गायत्रीच्या डोळ्यांसमोरून मागची कितीतरी वर्षं गेली असावीत: तिनं मागून मारलेल्या हाका, न मिळालेली उत्तरं, सासूबाई आपल्यावर रागावल्या आहेत असं समजून स्वयंपाकघरात ढाळलेले अश्रू. ती उठून बाईंच्या समोर बसली, तोंड दिसेल अशी, आणि सावकाश म्हणाली, "मला वाटायचं तुम्ही मुद्दाम बोलत नाही."

"तुझ्याशी मुद्दाम कशाला अबोला धरीन, वेडे?" बाईंनी तिचा हात धरला.

अनिरुद्धरावांना ते पचायला वेळ लागला. "मज का नाही सांगितलंस?" त्यांनी विचारलं, जरा मोठ्यानंच.

"तुम्ही विचारलं असेल," बाई म्हणाल्या, "मज ऐकू आलं नसेल."

या वेळी अनिरुद्धरावांचे खांदे हलले आणि बाई त्यांच्या आधीच हसत होत्या.

गायत्रीनं बाईंचं कडीचं म्हणणं त्यांच्याच नावानं मोबाईलवर मालिकेखालच्या प्रतिक्रियांत लिहिलं. शेवटी एक ओळ बाईंनी सांगून घातली: मला ऐकू येत नाही, हा भाग मला पहिल्यापासून शेवटपर्यंत बघता आला, तो असा संथ ठेवल्याबद्दल आभार. सोमवारी सकाळी तिथं भांडण जुंपलं होतं. कोणी म्हणे आजी लेखकाच्या नात्यातली आहे. कोणी भाग पुन्हा बघून, कडी खरीच, असं कबूल करत होतं. आणि त्या गर्दीत दहा-बारा जणांनी लिहिलं होतं की आपल्या घरीही असं एक माणूस आहे. ओरत्तनाडूची एक मुलगी लिहीत होती, माझे बाबा मालिकेच्या मध्येच उठून अंगणात जायचे. काल उठले नाहीत, का ते आज समजलं. बाईंनी ती ओळ स्वतः तमिळमध्ये वाचली. मग चष्मा पुसून पुन्हा वाचली.

त्याच आठवड्यात मुरली त्यांना कानांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून? बाई म्हणाल्या, सहा वर्षं. यंत्र बसवलं त्या दिवशी दवाखान्याबाहेर ऑटोचा हॉर्न वाजला आणि बाई दचकून मागे सरल्या, मग तिथंच उभ्या राहून त्यांनी फुलवालीचा आणि तिच्या गिऱ्हाइकाचा सगळा वाद ऐकून घेतला. मुरलीनं घाई केली नाही.

घरी त्यानं आणखी एक शोध लावला होता. चॅनलच्या ॲपवर मालिका बघितली की पात्रांचं बोलणं पडद्याखाली तमिळमध्ये उमटतं. आता सगळेच तशी बघू लागले. राजममामींनी सांगून टाकलं की गेलं वर्षभर त्यांनाही अर्धं कळत नव्हतं.

शेवटच्या भागात खुनी ड्रायव्हर निघाला. धाकटा भाऊ मागच्या खोलीत जात असे खरा, पण घरात कोंडून ठेवलेल्या म्हाताऱ्या आईला चोरून औषध द्यायला. मुरलीनं आईकडे वळून दोन्ही हात जोडले, तोंड अगदी गंभीर करून.

"कडीचं मी बरोबर सांगितलं," भुवनेश्वरीबाई म्हणाल्या. "खुनाचं त्या लेखकानं चुकवलं. असा मुलगा आईला औषध देताना एकदा तरी तिच्या कपाळावर हात ठेवतो. ह्यानं ठेवला काय?"

गायत्री म्हणाली, तसं बघायला हवं. राजममामी म्हणाल्या, ठेवला होता. अनिरुद्धराव म्हणाले, नव्हता. मग औषधाचा प्रसंग त्यांनी पुन्हा लावला आणि पाचही जण पुढं सरकून बसले.