को-ऑर्ड सेट

सासूबाईंनी सत्तरीत पहिल्यांदाच को-ऑर्ड सेट घेतला. दुकानातल्या मुलीने अर्थ सांगितला, वरचा शर्ट आणि खालची पँट एकाच कापडाची. "म्हणजे एका ताग्यातलं," असं म्हणून त्यांनी निळा सेट उचलला.

काल त्यांनी नुसता शर्टच घातला होता, खाली पांढरी सलवार. आज बघते तर दोरीवर शर्टाशेजारी ती निळी पँटही ओली.

"आई, पँट तर स्वच्छच होती ना?"

"होती. पण एकटा शर्ट धूत राहिले तर तोच विटेल, मग जोडी कसली? विटायचं तर दोघांनी बरोबर विटावं."

मला वाटायचं, मॅचिंग दुकानातच मिळतं, आपण फक्त घालायचं. ते असं धुण्यागणिक सांभाळावं लागतं, हे कुठल्याच लेबलवर लिहिलेलं नसतं.

संध्याकाळी दोघं फिरायला निघाले. सासऱ्यांचे गुडघे दुखतात, म्हणून ते प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत जिना उतरतात. सासूबाईंचे पाय अजून ठणठणीत आहेत. पण त्याही शेजारून तशाच उतरत होत्या, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत.