सात दिवसांचं पाणी एका कॅसेटीत

"काका, सातही दिवसांचं पाणी आजच कॅमेऱ्यापुढं वाचून टाका," निखिल सर म्हणाले. "सोमवारी एकदा बसलात की आठवडाभर बघायला नको."

"सर, शुक्रवारचं पाणी मला सोमवारी कसं कळावं?"

"वेळापत्रक आहे की."

"वेळापत्रक कागदावर असतं. पाणी रज्जाकभाईच्या हातात असतं."

त्यांना वाटलं मी गंमत करतोय. ते हसले.

आमचं चॅनल म्हणजे शहरापुरतं केबलचं चॅनल. उस्मानपुऱ्यात गच्चीवर डिश, तिच्याखाली दोन खोल्या. एका खोलीत कंट्रोल रूम, म्हणजे जिथून चित्र तारेत सोडतात ती जागा. दुसरीत एक कॅमेरा, एक खुर्ची, एक फळा. मी मूळ तार ओढणारा. त्या वर्षांत शहर बीड बायपासच्या अंगानं असं पसरत होतं की नवीन कॉलनीत नळाच्या आधी आमची केबल पोचायची. लोक गच्चीवरून विचारायचे, "मामा, टीव्ही तर आला, पाणी कधी?" मी खांबावरून उतरायचो आणि पुढच्या गल्लीत जायचो.

दुष्काळ पडला. जायकवाडी धरणानं तळ दाखवला. नळ पाचव्या दिवसावर गेला. तेव्हाचे आमचे मालक भाऊसाहेब म्हणाले, "किसन, आपल्याकडं चॅनल आहे. कोणत्या वस्तीला कधी पाणी, एवढं तरी सांगू." पहिल्या दिवशी वाचायला बोलावलेला मास्तर आला नाही, म्हणून मी बसलो. माझी शाळा चौथीपर्यंत. जोडाक्षर आलं की मी थांबतो. म्हणून एकेक ओळ दोनदा वाचली, सावकाश. दुसऱ्या दिवशी फोन आले, की ह्याच माणसाला बसवा, लिहून घेता येतं. अडखळणारा माणूस लोकांना मुद्दाम ठेवलेला वाटला. मीही खरं सांगितलं नाही.

पद्धत साधी होती. रज्जाकभाई म्हणजे वॉलमन. रस्त्यातला झाकणाखालचा वॉल लांब चावीनं फिरवून पाणी ह्या वस्तीला की त्या वस्तीला, हे तो करायचा. रोज दुपारी टाकी बघून पीसीओवरून मला फोन करायचा. मी खडूनं फळ्यावर लिहायचो. संध्याकाळी सातला कॅमेरा फळ्यावर, आवाज माझा, आणि थेट शहरात. मुकुंदवाडीच्या कमलबाई तर पाण्याचं ऐकून झालं की फोन करायच्या, "मामा, ऐकलं बरं का." एवढंच. त्यांचं तोंड मी कधी पाहिलं नाही.

मग भाऊसाहेबांनी नेटवर्क मुंबईच्या एका कंपनीला विकलं. निखिल सर प्रोग्रॅम हेड होऊन आले. तिशीचा माणूस, वाईट नव्हता. त्यांचं म्हणणं, सात वाजता म्हणजे प्राइम टाइम. घरातलं सगळं माणूस टीव्हीपुढं असतं ती वेळ. ती फळ्याला द्यायची नाही, फर्माइशी गाण्यांना द्यायची; पाणी त्याच्या आधी उरकायचं. भजन, रेसिपी, पाणी, सगळ्याची बँक करायची. बँक म्हणजे आठवडाभराचे कार्यक्रम आधीच भरून ठेवायचे.

मी वाचायला नाही म्हणालो. ते म्हणाले, "ठीक आहे. तुम्ही कंट्रोल रूम बघा." एक मुलगी आणली. पावडर, साडी, मागं निळा पडदा. सात दिवसांचं पाणी तिनं वीस मिनिटांत वाचलं, न अडखळता. माझ्याकडं कॅसेटींचा गठ्ठा आला. मी फक्त बटण दाबायचं.

बुधवारपर्यंत बरोबर गेलं. गुरुवारी दुपारी रज्जाकभाईचा फोन.

"मामू, मुकुंदवाडी आज कॅन्सल. पंप की लाईट गई थी, टाकी आध्धी बी नै भरी. कल ग्यारा के बाद छोडता मैं. बोल देना लोगां को."

मी "बोलता" म्हणालो आणि फोन ठेवला. शेजारच्या खोलीत सर होते. दहा पावलं. मी गेलो नाही. म्हटलं, वेळापत्रक आहे ना ह्यांच्याकडं, होऊ दे. संध्याकाळी बटण दाबलं. मुलगी हसून म्हणाली, मुकुंदवाडी, आज रात्री आठ वाजता.

शनिवारी सकाळी कमलबाईंचा फोन आला.

"मामा, तुम्ही आजारी होता का?"

"नाय बाई. का?"

"गुरुवारी टीव्हीत आज आठला म्हणले. मी वाळूजच्या कॅन्टीनवरून सुट्टी काढून हंडे लावून बसले. आलं नाय. शुक्रवारी परत सुट्टी कोण देतंय? मी कामावर, अन् अकराला नळ आला. घरात बाळंतीण लेक. ती काय हंडा उचलणार? शेजारणीनं दोन कळश्या दिल्या, तेवढंच. आता परत पाच दिवस. तुम्ही असता तर असं झालं नसतं."

मी होतोच की. बटणावर बोट माझंच होतं.

त्या संध्याकाळी कुणाला न सांगता फळा काढला, रज्जाकभाईनं सांगितलं ते लिहिलं, गाण्यांची कॅसेट बाहेर ओढली आणि कॅमेरा लावला. ऐन सातला, गाण्यांच्या वेळेत. वाचून झालं तेव्हा सर दारात उभे.

"कुणाला विचारून केलंत हे?"

"रज्जाकभाईला."

त्यांचा चेहरा लाल झाला. मग मी गुरुवारचं सगळं सांगितलं, माझ्या दहा पावलांसकट. ते खुर्चीत बसले.

"मला सांगितलं का नाही, काका?"

"तुम्ही हसला होता."

"हसलो म्हणून एवढं?"

मी फळा पुसायला घेतला.

त्यांनी मुंबईला काय सांगितलं ठाऊक नाही, पण पाणी सातलाच राहिलं, थेट, फळ्यावर. गाणी साडेसातला गेली. पाऊस झाला, धरण चढलं, तसं सरांनी गोडीनं फळा खाली उतरवला. दिवाळीनंतर मीही काम सोडून गच्चीवरून उतरलो. सरांच्या जागी आणखी कुणी आलं, चॅनलचं नाव बदललं, पुढं ते चॅनलही राहिलं नाही. घरचे म्हणतात, आता पाण्याचं मोबाईलवर येतं. येत असेल.

फळा होता तोवर पहिली ओळ मी मुकुंदवाडीची लिहायचो, पाणी असो की नसो, आणि ती तीनदा वाचायचो. कमलबाईंचा फोन मात्र परत आला नाही.

नव्यानं ह्या धंद्यात येणाऱ्याला एवढंच सांगतो. मालक कुणीही असो, दुपारी आधी वॉलमनला विचारायचं. आणि त्यानं सांगितलेलं आपल्या रागापायी दाबून ठेवायचं नाही.